मेलेल्या ताऱ्याचं गणित

आमच्या घरी मेलेल्या माणसांचं गणित मागच्या ओट्यावर व्हायचं. जिवंत माणसांचं पुढच्या खोलीत. हा नियम बाबांच्या बाबांनी घातलेला, आणि आमच्या अमरावतीच्या घरात तो इतका मुरलेला होता की कोणी त्याबद्दल बोलायचंसुद्धा नाही. बाबा भिक्षुकी करत आणि पत्रिका बघत. लोक त्यांना गुरुजी म्हणायचे. सकाळी आंघोळ उरकून ते पुढच्या खोलीत पाटावर बसले की दुपारच्या जेवणापर्यंत माणसांची रीघ. बारसं, लग्न, घरभरणी, नवा ट्रॅक्टर कोणत्या दिवशी आणू, पोराचं नोकरीत जमते का, सगळं तिथंच. पण कोणी गेल्याचं विचारायला आलं, अशुभ पंचक लागलं का, अस्थी कधी न्यायच्या, की बाबा पाटावरून उठायचे आणि स्वयंपाकघरातून वाट काढत मागं जायचे. आलेली माणसं बाहेरच्या बोळातून मागं यायची. तिथं पाण्याचं टाकं, धुण्याचा दगड आणि शेवग्याचं झाड. तिथं बसून पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं गणित. तो कागद घरात ठेवायचा नाही, चुलीत घालायचा नाही, केरातही टाकायचा नाही. मागच्या दाराशी भिंतीत एक कोनाडा होता. त्यात सुतळीनं बांधून ठेवायचा, आणि गठ्ठा जाड झाला की एखाद्या अमावास्येला बाबा तो कौंडण्यपूरला नेऊन वर्धेच्या पाण्यात सोडायचे, तीळ आणि पाणी देऊन. "त्याइचं गणित झालं. आता त्याइच्यासंगं जाऊ द्या," एवढंच म्हणायचे.

नांदगाव खंडेश्वरची काही मंडळी मला आठवतात. म्हातारी गेलेली, तीन भाऊ ओट्यावर उकिडवे बसलेले, चेहरे उतरलेले. थोरला म्हणाला, "गुरुजी, पंचक असन तर सांगून टाका बापा, लपवू नोका." बाबांनी डोळे मिटले, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, "पंचक नाही. माय तुमची सुखानं गेली. घरी जा, दोन घास खा." ते उठून गेल्यावर माझ्याकडं वळले. "आता कर गणित." मी म्हटलं, बाबा, आधी सांगून मोकळे झालात, पंचक निघालं तर? "निघालं तर मी पाहीन त्याचं काय करायचं. त्याइले जेवू तर दे." नशिबानं निघालं नाही. पण बाबा कसे होते ते यावरून कळावं. मेलेल्यांची बाजू घेणारं कोणी नसतं, ती आपण घ्यावी, असं काहीसं त्यांच्या डोक्यात होतं. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. आताही थोडा येतोच.

गणित मी करायचे, कारण बाबांचे डोळे जात चालले होते. काचबिंदू. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग पंचांगातले बारीक आकडे. मुलगा नव्हता, मी एकटीच. शाळेत होते तेव्हापासून पंचांगातल्या कोष्टकांवरून ग्रहांची स्थानं काढून देत होते, आणि हात इतका बसला होता की भागाकार करता करता आईशी भांडायचे. आई आतून ओरडायची, "शैले, वरण उतू जाऊन राहिलं वं!" आणि मी आकडा न चुकवता उठून पातेलं उतरवायचे. आई जातीची सुगरण. आंबाडीची भाजी, भाकरी, तेल-तिखट, आणि सणावारी गोळाभात, त्यावर लसणाची फोडणी. त्या फोडणीचा वास पुढच्या खोलीत गेला की आलेली माणसं प्रश्न आवरते घ्यायची. बाबांची बोली घरातही तीच, दिवसभर येणाऱ्या शेतकऱ्यांची. त्यांच्या पुण्याकडच्या एका यजमानाला वाटायचं गुरुजी रागावले आहेत. रागावलेले नसायचे. आम्ही बोलतोच तसं.

मी अमरावतीतच भौतिकशास्त्रात एमएस्सी करत होते. शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी पुण्याहून कुठलासा शोधनिबंध झेरॉक्स करून आणला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुझा हात गणितात चालतो. याच्यावर प्रकल्प कर." त्यात एका जोडीची मोजमापं होती. एक कृष्णविवर आणि त्याच्याभोवती फिरणारा एक लहान तारा. कृष्णविवर म्हणजे मोठा तारा मरून स्वतःतच कोसळला की जे उरतं ते, ज्याच्यातून उजेडही बाहेर पडत नाही. ते दिसत नाही, पण त्याच्या जोडीचा तारा दिसतो. तो किती दूर आहे, आकाशात कसा सरकतोय, आपल्याकडं येतोय की लांब जातोय, हे मोजलं की ती जोडी आकाशगंगेतून कशी चालली आहे ते कळतं. आणि ही जोडी वेडीवाकडी चालली होती. आपला सूर्य, आसपासचे बहुतेक तारे, सगळे आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरतात, पण एका चपट्या तबकात राहून. ही जोडी मात्र तबक सोडून वर जात होती, परत खाली कोसळत होती, तबक भेदून पलीकडं, पुन्हा वर. प्रश्न एवढाच होता की असं का. मरताना त्या ताऱ्याचा स्फोट एका अंगानं जास्त झाला आणि त्या हिसक्यानं जोडी उधळली? की धक्काबिक्का काही बसलाच नाही, आणि ती मुळातच अशी वर-खाली फिरणाऱ्या जुन्या ताऱ्यांमधली आहे? ते कळायला तिची वाट उलटी काढायची. आजपासून मागं, मागं, मागं.

हे मी बाबांना सांगितलं ते मोठ्या उत्साहात. उत्साह म्हणजे काय ते आज आठवावं लागतं. बाबा जेवून सुपारी कातरत बसले होते.

"सूर्य फिरते म्हणतं तू?" ते म्हणाले.

"फिरतो. एका फेरीला वीस कोटी वर्षांच्या वर लागतात."

"बापा! त्याची साडेसाती किती वर्सांची असन मंग?" आई आतून हसली. बाबांनी सुपारी तोंडात टाकली. "अन् हा तुहा काळा, हा सगळ्याइले गिळत जाते म्हणतात, पेपरात होतं."

"नाही हो बाबा. फार जवळ गेलं तर. एरवी जिवंत तारा जशी ओढ लावतो तशीच हा लावतो. आपल्या वाटेनं जातो. कोणाला काही करत नाही."

"म्हंजे मेल्यावरबी चालत राहते."

"चालत राहतो. थांबवणार कोण?"

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "मेलेला हाय नं पण थो?"

"हो, म्हणजे तारा म्हणून मेलेला."

"मंग मांग बसून कर."

मी आईकडं पाहिलं, आई माझ्याकडं. हसावं की रडावं कळेना. पण बाबा गंमत करत नव्हते. गुरू, शनी, मंगळ हे त्यांच्या लेखी चालते-बोलते, त्यांचं गणित पुढच्या खोलीत. हा मेलेला, त्याचं मागं. मी वाद घातला नाही. मागं वारा होता, सावली होती, आणि पुढच्या खोलीतल्या माणसांची कटकट नव्हती. मला वाटलं, बरंच झालं.

तर असं ते काम शेवग्याखाली झालं. विभागातला संगणक एकच, त्याची किल्ली एकाच्या खिशात, आणि किल्ली मिळाली तर वीज गेलेली. लोडशेडिंगनं त्या काळात वऱ्हाडाला अगदी रडकुंडीला आणलं होतं. म्हणून हातानंच. दर टप्प्याला आकाशगंगेची ओढ काढायची, त्या ओढीनं वेग किती बदलला ते काढायचं, मग एक पाऊल मागं सरकायचं, आणि परत पहिल्यापासून. साधा कॅल्क्युलेटर आणि पाठकोरे कागद. शेजारी आई कपडे आपटायची, टाक्यात पाणी पडायचं, पलीकडच्या घरी मिरच्या कांडायला सुरुवात झाली की सगळे मिळून शिंकायचो. तो तारा वर गेला की मला कळायचं, आता ओढ कमी पडेल, मग तो थबकेल, मग परत खाली यायला लागेल. कधीकधी वाटायचं, हे मला कोणी सांगितलेलं नाही, हे मलाच दिसतंय. माझ्या आयुष्यात मी इतकी सुखी क्वचितच होते. सांज झाली, दिवाबत्तीची वेळ झाली, की आई माझे कागद गोळा करून सुतळीनं बांधायची आणि पावसा-वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्याच कोनाड्यात ठेवायची. दुसरी जागाच नव्हती मागं.

आता हे लिहिताना शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी ड्रिल मारतंय आणि माझं डोकं उठलंय. पन्नाशी गाठायला आली, गुडघे बोलतात, कॉलेजात पेपर तपासायचे ढीग पडलेत. परवा स्टाफरूममध्ये एकानं मोबाइलवर बातमी दाखवली, 'आकाशगंगेत भटकणारा काळा राक्षस'. एकटं कृष्णविवर, जोडीला कोणी नाही, दूरच्या एका ताऱ्यासमोरून गेलं आणि त्या ताऱ्याचा उजेड थोडा वाकला, त्यावरून सापडलं. काही नुसतीच शांतपणे जोडीदाराबरोबर फिरतानाही सापडलीत, त्यांना जन्मताना धक्का बसल्याची खूण नाही. म्हणजे काहींना बसतो, काहींना नाही. मी त्याला म्हटलं, राक्षस नाही हो, कोणाचं काही घेत नाही ते. तो म्हणाला, मॅडम, तुम्हाला बरं माहीत! मी पेपर तपासायला घेतले.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएचडीची लेखी परीक्षा मी पास झाले होते. मुलाखत उरली होती, आणि मुलाखतीला केलेलं काम घेऊन या असं सांगितलं होतं. घरात त्यावर बोलणं झालं नाही. बाबा नको म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. आई एकदाच म्हणाली, "तुह्याशिवाय यांचं कसं होईन?" आणि लगेच, "मी आपली बोलले वं, तू जा." मुलाखत आठवड्यावर आली तेव्हा माझं गणित पुरं झालं. उत्तर आलं होतं. मागं जाता जाता जोडी तबकातून अशा वेगानं बाहेर पडताना दिसत होती की धक्का बसलाच असला पाहिजे, आणि जोरदार. मी धावत पुढच्या खोलीत गेले. बाबांसमोर दोन माणसं बसलेली. मी त्यांच्यादेखत ओरडले, "बाबा, झालं! गणित झालं!" बाबांनी मान वर केली, माझ्या आवाजाच्या दिशेनं. "पुरं झालं?" मी म्हटलं, पुरं. "बरं झालं पोरी," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरंच उजळला होता.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. मी सरांना भेटायला सकाळीच बाहेर पडले. परत आले तेव्हा दुपार टळून गेली होती आणि बाबा आणि आई नुकतेच एसटीनं परतले होते, पायांवर धूळ, आईच्या हातात प्रसादाची पुडी. मी कागद नीट उतरवून काढायला म्हणून मागं गेले. कोनाडा रिकामा. पुसून स्वच्छ केलेला.

मी आत आले. "आई, माझे कागद?"

आईनं बाबांकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, कारण तिच्या तेव्हाच लक्षात आलं. बाबा पाय धूत होते. शांतपणे म्हणाले, "सोडले नं. सगळ्याइचे सोडले, तुह्या त्याचेबी. हातानं चाचपून वेगळे काढले होते, जाड गठ्ठा होता. त्याले वेगळं पाणी देल्लं."

"काहून?" मी विचारलं. आवाज माझाच होता का, मला माहीत नाही.

"झालं म्हणे नं तू. पुरं झालं म्हणे."

मी खाली बसले. मग उठले, आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला मी जायला नको आहे. तुम्हाला तुमच्या पंचांगासाठी डोळे हवेत, फुकटचे. ते कागद मेलेल्या माणसाचे नव्हते, माझे होते, माझं अख्खं वर्ष होतं त्यात, माझं पुणं होतं. आई मध्ये पडली, "अवं, त्याइले नाही समजलं, रोजचं हाय म्हणून..." मी तिलाही सोडलं नाही. बाबा तसेच उभे, ओल्या पायांनी. त्यांना कळलं होतं, ते मी पाहिलं, चेहरा एकदम म्हातारा झाला. पण बोलले नाहीत. नाही म्हणाले नाहीत, चुकलो म्हणाले नाहीत. मला त्या क्षणी त्यांच्याकडून एक शब्द हवा होता. कोणताही. त्यांनी पंच्यानं पाय पुसले आणि पाटावर जाऊन बसले. मी पिशवी भरली आणि मिळेल त्या गाडीनं अकोल्याला आत्याकडं गेले.

आत्या जठारपेठेत राहायची. बाबांची धाकटी बहीण, शाळेत शिक्षिका, फटकळ. दार उघडून माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "काय केलं माह्या भावानं?" मी सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली, मग तिला हसू आलं, मग माझ्याकडं बघून हसू आवरलं. "दादानं मुद्दाम नसन केलं वं."

"तुला काय माहीत?"

"नाही माहीत," ती म्हणाली. "पण तू आता रडत बसणार का गणित करणार? टेबल मोकळं करून देते."

झेरॉक्स मी त्या सकाळी सरांकडं ठेवून आले होते, ती त्यांनी एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. मोजमापं हातात होती. पहिलं उत्तर डोक्यात होतं, पण वाट डोक्यात नव्हती. ती पहिल्यापासूनच काढायची. अकोल्याचा उन्हाळा काय असतो ते तिथं राहिलेल्यालाच विचारा. कूलरचं पाणी कोमट व्हायचं, कागदावर घामाचे थेंब पडायचे. आत्या शाळेतून आली की न बोलता समोर ताक ठेवायची, आणि शेजारची बाई डोकावली की तिला दारातूनच कटवायची, "पोरगी परीक्षेले बसली हाय, उद्या या." वेळ नव्हता म्हणून मी पावलं मोठी घेतली. अमरावतीत जिथं हळूहळू सरकले होते तिथं इथं उड्या मारल्या. आणि मागं जाता जाता छोटी चूक फुगत जाते, हे मला माहीत होतं. अंतरात थोडा फरक, आणि कित्येक फेऱ्यांनंतर तारा भलत्याच ठिकाणी निघतो. शेवटच्या दिवशी उत्तर आलं ते वेगळं आलं. धक्का बसलाच पाहिजे असं त्यातून निघत नव्हतं. ही जोडी मुळातच तशी असू शकते, असं निघत होतं. कोणतं खरं? पहिलं की दुसरं? ताळा करायला पहिलं हवं होतं, आणि पहिलं वर्धेच्या पाण्यात विरघळलं होतं. इतकी वर्षं झाली, पहिलं बरोबर होतं का हे मला अजून माहीत नाही. कदाचित तेही चुकलेलंच असेल. त्याचाच जास्त त्रास होतो.

पुण्यात मुलाखत घेणारे चांगले लोक होते. कोणी अपमान केला नाही. माझे कागद पाहिले, एकजण म्हणाले, इतकं हातानं? आश्चर्य वाटलं त्यांना. मग त्यांनी विचारलं, या उत्तराची तुला किती खात्री आहे? मी खरं सांगितलं की आधी एकदा केलं होतं आणि तेव्हा उत्तर वेगळं आलं होतं. ते कुठं आहे, त्यांनी विचारलं. मी काय सांगणार होते? बाबांनी त्याला तिलांजली दिली असं? त्यांच्यातल्या एक बाई हळूच म्हणाल्या, पुढच्या वर्षी परत ये, पूर्ण करून ये. बाहेर यादी लागली त्यात माझं नाव नव्हतं.

पुढचं वर्ष येतं, पण त्यात आधीचं वर्ष नसतं. अकोल्यात एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचं काम मिळालं, आत्याकडंच राहिले. बाबांची नजर पार गेली. पंचांगाचं गणित संगणकावर यायला लागलं, लोक छापलेल्या पत्रिका घेऊन यायला लागले, आणि बाबा त्या दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. मी दिवाळीला जायची, राखीला आत्याला घेऊन जायची. आई माझ्या आवडीचा गोळाभात करायची. बाबा विचारायचे, "कॉलेज काय म्हणते?" मी म्हणायची, ठीक आहे. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. मी वाट बघत होते त्यांनी बोलण्याची. मला एवढंच हवं होतं, मुद्दाम केलं की नाही केलं, एकदा तोंडानं सांगा. नाही सांगितलं त्यांनी. शेवटच्या आजारातही नाही. मी उशाशी बसलेली असायची, त्यांचा हात हातात, आणि आतून इतकी चिडलेली असायची की माझी मलाच दमणूक व्हायची. बाबा गेले. अग्नी मीच दिला, लोक बोलायचं ते बोलले. त्यांचं पंचक कोणी पाहिलं नाही. पाहणार कोण होतं?

पितृपक्षात आई म्हणाली, कौंडण्यपूरला जाऊन ये, ते दरवर्षी जात होते. तिला प्रवास झेपत नव्हता. मी एकटी गेले. नदीला बऱ्यापैकी पाणी होतं. घाटावर बाबांच्या ओळखीचे एक भिक्षुक होते, म्हातारे, तोंडात दात नाहीत. मला समोर बसवलं, दर्भ दिला, आणि आमची नावं ते कागदाशिवाय म्हणू लागले, इतकी वर्षं म्हणून पाठ झालेली. बाबा, त्यांचे बाबा, त्यांचे बाबा. आजी, पणजी. मी पाणी सोडत गेले. मग ते थांबले.

"अन् एक हाय, बाई. थो घ्यायचा का?"

"कोण?"

"मले का मालूम? गुरुजी दरवर्षी त्याच्यासाठी पाणी सोडत. नाव सांगत नव्हते. 'पोरीचा हाय, आकाशातला हाय,' म्हणत. आंधळे झाले तरी येत, कोणाचा तरी हात धरून."

मी हातातल्या दर्भाकडं बघत राहिले.

"मी म्हणलं होतं त्याइले," म्हातारे सांगू लागले, "गुरुजी, गोत्र माहीत नसलं का काश्यप लावतात, शास्त्र हाय. तर म्हणे नाही. म्हणे, त्याचं मूळ कुठचं ते पोरगी हुडकून राहिली होती, तिले भेटलं नाही, माह्यामुळं राहून गेलं. मंग तंवर आपलंच गोत्र लावा. आपल्या घरातला समजून."

नदीवर बायका कपडे धूत होत्या, पोरं ओरडत होती. राग गेला असं मी म्हणणार नाही. माझं पुणं गेलं ते गेलंच, आणि हे त्यांनी एकदा मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? घाटावर येऊन एका परक्या माणसाला सांगितलं, दरवर्षी, आणि मला नाही. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं आणि त्यांचे ते ओले पाय पुसून द्यावेसे वाटत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. म्हातारे तोंड फिरवून नदीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बंद करायचं असन तर आज करून टाकू. तुमच्यावर हाय."

मी ओंजळ पुढं केली. त्यांनी तीळ टाकले, पाणी ओतलं.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही त्याला."

"गोत्र?"

मी आमचं सांगितलं.